स्वल्पविराम आणि सव्वा लाख फायली

शुक्रवारी संध्याकाळी पावणेपाचला लातूरहून फोन आला.

“साहेब, तुमच्या कागदावरला हा स्वल्पविराम कोणत्या गावचा म्हणावा?”

फोन करणारे गृहस्थ डाळींचे घाऊक व्यापारी. आमची कंपनी अशा व्यापाऱ्यांसाठी बिलं आणि अहवाल काढायचं सॉफ्टवेअर करते. बिलावर रक्कम आली होती १२,३४,५६७ आणि महिनाअखेरच्या अहवालात तीच रक्कम आली होती १,२३४,५६७.

“आमचे मुनीम दुपारपासून बोटांवर मोजायलेत. एकदा लाख म्हणतात, एकदा कोटी म्हणतात. मी म्हटलं, पैसे तेवढेच हायेत, स्वल्पविराम फिरलाय.”

निदान अचूक होतं. बिलाच्या पॅकेजमध्ये मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं नऊ ओळींचं फंक्शन होतं. शेवटचे तीन आकडे सोडायचे आणि पुढे दोन-दोन आकड्यांवर स्वल्पविराम टाकायचा, एवढंच त्याचं काम. अहवालाच्या पॅकेजला हे फंक्शन ठाऊकच नव्हतं. म्हणजे नऊ ओळी उचलायच्या, ‘सामाईक’ नावाच्या पॅकेजमध्ये नेऊन ठेवायच्या, आणि दोघांनाही सांगायचं की बाबांनो, स्वल्पविराम लागला की इथून न्या.

“पाच मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायकोनं ते ऐकलं आणि कणीक परत डब्यात ठेवली. पंधरा वर्षांच्या संसारात तिला माझ्या पाच मिनिटांचा अंदाज आला आहे.

आमचा कोड एकत्र कुटुंबात राहतो. पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक पॅकेजची चूल वेगळी होती, दार वेगळं होतं, कुलूप वेगळं होतं. सामाईक पॅकेजमधली एक ओळ बदलली की नवी आवृत्ती काढा, ती प्रसिद्ध करा, मग बाकीच्या तेरा घरी जाऊन सांगा की नवीन आवृत्ती आली आहे, घ्या. निम्मे घेत नसत. शेवटी एका मॅनेजरनं सगळ्यांना एका वाड्यात आणलं. याला मोनोरेपो म्हणतात आणि आतल्या बिऱ्हाडांच्या व्यवस्थेला वर्कस्पेस. पॅकेजेस सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांपैकी यार्नने ही सोय २०१७ मध्ये आणली, एनपीएमने २०२० मध्ये सातव्या आवृत्तीत आणली, आणि आम्ही वापरतो तो पीएनपीएम या बाबतीत सगळ्यात कडक शिस्तीचा. त्या मॅनेजरनं एकत्र कुटुंबाच्या फायद्यांवर बत्तीस स्लाइड दाखवल्या होत्या. पुढच्याच महिन्यात तो नोकरी सोडून वेगळा राहायला गेला.

तर मी नऊ ओळी कापल्या, सामाईकमध्ये चिकटवल्या, अहवालाच्या फाइलीत वर एक इंपोर्ट लिहिला आणि प्रोग्राम चालवला.

‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल.’

आता अशा वेळी सुज्ञ माणूस काय करतो? फाइल पुन्हा सेव्ह करतो. मी दोनदा केली. लिफ्ट येत नसली की आपण बटण पुन्हा दाबतो, जरा जास्त जोरानं दाबतो, त्यातलाच प्रकार. मग एडिटर बंद करून चालू केला. मग टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर पुन्हा सुरू केला. मग मशीन पुन्हा सुरू केलं. एररच्या खाली आणखी चार ओळी होत्या, पण त्या वाचाव्यात असं मला वाटलं नाही. पुण्यात राहणारा माणूस पाटी वाचत नाही, पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाला विचारतो.

मी एआय सहाय्यकाला विचारलं. तो अतिशय नम्र आहे. “तुमची अडचण मला नेमकी समजली,” असं म्हणून त्यानं एक सेटिंग सुचवलं. ते टाकलं तर कळलं की असं सेटिंगच नाही. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, “तुम्ही अगदी बरोबर आहात, असं सेटिंग अस्तित्वात नाही.” आणि दुसरं सुचवलं. तेही नव्हतं. घरात इतक्या सहज चूक कबूल करणारं कुणी नसल्यामुळे मी त्याच्याशी आणखी तासभर बोलत बसलो.

साडेआठला शेवटचा उपाय काढला. आमच्या जमातीत सगळ्या दुखण्यांवर एकच काढा आहे, तो म्हणजे नोड मॉड्यूल्स नावाचं फोल्डर उडवणं आणि सगळं पुन्हा उतरवून घेणं. या फोल्डरात आपण मागितलेली पॅकेजेस राहतात, त्यांनी मागितलेली राहतात आणि त्यांच्या पाहुण्यांचे पाहुणेही राहतात. आमच्याकडे सव्वा लाख फायली होत्या. त्या पुसल्या जात असताना पडद्यावर काहीच दिसत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. पण मनाला फार शांत वाटतं. दिवाळीची साफसफाई झाल्यासारखं वाटतं. मी चहा केला. सगळं पुन्हा उतरलं. मध्ये कुणी कुरकुरलं की मला रिॲक्टची अठरावी आवृत्ती हवी होती, सतरावी दिलीत; लग्नात वरपक्ष पितळी भांड्यांवरून कुरकुरतो तसं. मी दुर्लक्ष केलं. प्रोग्राम चालवला.

‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल.’

जेवताना बायकोनं विचारलं, “पण सापडत नाही म्हणजे काय? तूच ठेवलंस ना तिथे?”

“ठेवलं मीच. पण प्रोग्राम चालवणाऱ्या नोडला शोधता येत नाहीये.”

“कसा शोधतो तो?”

हा प्रश्न मला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, मुलाखतीतसुद्धा नाही. मी पोळीचा तुकडा हातात धरून सांगायला लागलो. समज, तुला विरजण हवंय. तू आधी आपल्या फ्रिजमध्ये बघशील. नसेल तर वरच्या मजल्यावर विचारशील. तिथे नसेल तर त्याच्या वरच्या. असं करत गच्चीपर्यंत जाशील. नोड तेच करतो. ज्या फाइलीनं मागितलं तिच्याच फोल्डरात नोड मॉड्यूल्स आहे का बघतो, नसेल तर त्याच्या वरच्या फोल्डरात, मग त्याच्या वरच्या, असं थेट डिस्कच्या मुळापर्यंत. तिथेही नसेल तर हात हलवत परत येतो आणि म्हणतो, सापडत नाही.

“शेजारच्या दारात विचारत नाही?”

“नाही. फक्त वर वर जातो.”

“म्हणजे अहवालाच्या शेजारच्याच खोलीत सामाईकवाले बसलेत आणि हा गच्चीवर जाऊन आला?”

“हो.”

“सरकारी आहे का हा?”

मी खजील झालो, पण त्या वाक्यानं डोक्यात उजेड पडला. शेजारच्या बिऱ्हाडाकडे नोडला जाताच येत नाही. तशी सोय आपण करून द्यावी लागते. अहवालाच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये लिहावं लागतं की माझं सामाईकशी घेणंदेणं आहे. मग पीएनपीएम अहवालाच्या नोड मॉड्यूल्समध्ये सामाईकच्या नावाची एक पाटी ठोकतो, जिच्यावर बाण असतो: बिऱ्हाड पलीकडे आहे. एनपीएमच्या पंगतीत हे खपून जातं. तो सगळी पॅकेजेस वरच्या एकाच मोठ्या फोल्डरात आणून बसवतो. आमंत्रण नसलेला माणूसही जेवून, विडा खाऊन जातो. पीएनपीएम दारात यादी घेऊन उभा राहतो. आणि यादीत नाव घालायला मी विसरलो होतो. एररच्या दुसऱ्या ओळीत हेच लिहिलेलं होतं. ते मला नंतर दिसलं.

शनिवारी सकाळी नाव घातलं. पाटी लागली. नोड शेजारी पोचला आणि परत येऊन म्हणाला, बिऱ्हाड सापडलं, पण आत घरच नाही. झालं होतं असं की सामाईकनं आपला पत्ता ‘डिस्ट’ या फोल्डरात दिला होता. हे फोल्डर कोड बांधून झाल्यावर तयार होतं, आणि सव्वा लाख फायली उडवण्याच्या उत्साहात मी तेही उडवलं होतं. थोडक्यात आमच्या पॅकेजनं बिल्डरच्या माहितीपत्रकातला पत्ता छापला होता. ताबा अजून मिळायचा होता. बांधकाम केलं. पुढे गेलो.

मग असं झालं की एडिटर म्हणे सगळं ठीक आहे, आणि नोड म्हणे काहीच ठीक नाही. एडिटरमध्ये एकही लाल रेघ नव्हती. याचं कारण टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये मी कधीकाळी सामाईकचं एक लाडाचं नाव लिहून ठेवलं होतं. टाइपस्क्रिप्ट घरचा माणूस आहे, त्याला बाळू म्हटलं तरी कळतं. पण बांधकाम करताना तो त्या लाडाच्या नावाच्या जागी खरं नाव घालत नाही, बाळू तसाच पुढे पाठवतो. नोड आधारकार्डावरचं नाव मागतो. बाळू कोण, म्हणून विचारतो. सबंध शनिवार दुपार मी घरोघर फिरून बाळूचं आधारकार्डावरचं नाव लिहीत होतो.

रविवारी मात्र प्रकरण घराण्यांवर गेलं.

जावास्क्रिप्टमध्ये दुसऱ्या फाइलीतलं काही आणायच्या दोन रीती आहेत. नोड २००९ साली आला तेव्हा भाषेला स्वतःची अशी काही रीतच नव्हती. असायचं कारणही नव्हतं. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी ही भाषा दहा दिवसांत उभी केली ती ब्राउझरातली पानं हलती करण्यासाठी, लातूरच्या डाळीची बिलं काढण्यासाठी नव्हे. म्हणून नोडनं ‘रिक्वायर’ची रीत उचलली. मग २०१५ मध्ये भाषेच्या अधिकृत प्रमाणपत्रात ‘इंपोर्ट’ची रीत आली. नोडच्या घरात ती कसल्याही खास परवानगीशिवाय चालायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. चार वर्षांत आपल्याकडे सोयरिकी जुळतात, मोडतात, पुन्हा जुळतात. तोपर्यंत निम्मं जग रिक्वायरचं आणि निम्मं इंपोर्टचं झालं होतं, आणि दोन्ही घराणी एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हती.

सामाईक इंपोर्टवाला. नोड म्हणाला, ‘मॉड्यूलच्या बाहेर इंपोर्ट वापरता येत नाही.’ आमचा नोड जुना आहे. नव्याला असं बरंच काही आपोआप कळतं, पण नवा बसवायची मंजुरी तिसऱ्या मजल्यावर दीड वर्ष पडून आहे. मी सामाईकच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘टाइप’ समोर ‘मॉड्यूल’ असं लिहिलं, म्हणजे जातीचा दाखला जोडला. त्यावर बिलाचं पॅकेज रुसलं. ते रिक्वायरवाल्यांचं. इंपोर्टवाल्याला रिक्वायर करता येणार नाही, म्हणालं. (हा सोवळ्याचा नियम नोडनं डिसेंबर २०२४ मध्ये बाविसाव्या आवृत्तीत बराचसा सैल केला. तिसऱ्या मजल्याला कुणीतरी कळवा.) मग मी बिलाचंही धर्मांतर केलं. एकसष्ट फायली. एका स्वल्पविरामासाठी एकसष्ट फायली.

आणि तरीही एक राहिलं होतं. या नव्या रीतीत फाइलीचं नाव आडनावासकट लिहावं लागतं. माझी फाइल आहे ‘रुपया डॉट टीएस’. पण इंपोर्टमध्ये लिहायचं ‘रुपया डॉट जेएस’. अशी फाइल माझ्या फोल्डरात नाही. ती बांधकामानंतर तिकडे, डिस्टमध्ये, जन्माला येणार आहे. तरी आजपासून त्याच नावानं हाक मारायची. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “त्यात काय नवल? माझ्या आत्यानं साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी वहीवर सासरचं नाव लिहायला सुरुवात केली होती.”

“मग?”

“मग मोडलं ना ते लग्न.”

ज्यानं हा सगळा संसार मांडला त्याचं काय म्हणणं आहे तेही मी तिला सांगितलं. रायन डाल हे नोडचे जनक. २०१८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी भाषण केलं, विषय होता नोडबद्दल मला वाटणाऱ्या दहा खंती. त्यात नोड मॉड्यूल्स होतं, पॅकेज डॉट जेसन होतं, आणि रिक्वायर करताना फाइलीचं आडनाव गाळायची मुभा दिली तेही होतं. एवढं बोलून त्यांनी नवा संसार जाहीर केला, त्याचं नाव ‘डेनो’. नोडचीच अक्षरं उलटसुलट केलेली.

“म्हणजे ज्यानं केलं त्यालाच पश्चात्ताप झालाय?”

“हो.”

“आणि तू रविवारी दुपारी झोपायचं सोडून हे करतोयस?”

मी पुन्हा संगणकाकडे वळलो. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आलं: १२,३४,५६७. मी खुर्चीतून उठलो आणि घरात कुणीच जागं नाही हे पाहून स्वतःलाच टाळी दिली.

सोमवारच्या सकाळच्या उभ्या बैठकीत (ही उभ्यानं घ्यायची असते म्हणजे लवकर संपते, आमच्याकडे सगळे बसून घेतात, म्हणून ती पाऊण तास चालते) मी म्हणालो, “मॉड्यूल रिझोल्यूशनचा एक इश्यू होता, तो मुळापासून सोडवलाय.” स्वल्पविरामाचं नाव काढलं नाही.

“किती टक्के झालं?” मॅनेजर.

“नव्वद.”

आमच्या धंद्यात काम नव्वद टक्के होतंच. कुणी ऐंशी म्हणाला तर लोक त्याच्याकडे संशयानं बघतात.

एवढ्यात बंगळुरूची सहकारी म्हणाली, “तुझा कोड घेतला मी. माझ्याकडे लोडॅश सापडत नाही म्हणतोय.”

यावर प्रत्येक प्रोग्रामरच्या तोंडून जे वाक्य आपोआप बाहेर पडतं तेच माझ्या तोंडून पडलं. “माझ्या मशीनवर चालतंय.”

आकडे दोन-दोनच्या जुड्यांत बांधण्यासाठी माझं नऊ ओळींचं फंक्शन लोडॅशमधून एक छोटं अवजार घेत होतं. बिलाच्या यादीत लोडॅशचं नाव होतं. फंक्शन सामाईकमध्ये राहायला गेलं, पण तिथल्या यादीत लोडॅश लिहायचं राहिलं. मग माझ्याकडे चाललं कसं? मी दोन तास छाती पुढे काढून हिंडत होतो की माझ्याकडे चालतंय म्हणजे चूक बंगळुरूची. मग सहज म्हणून नोडला विचारलं, बाबा रे, लोडॅश तुला नेमका मिळतोय कुठून? त्यानं जो पत्ता सांगितला तो प्रकल्पाच्या फोल्डरातला नव्हताच. त्याच्या वरच्या फोल्डरातला नव्हता, त्याच्याही वरचा नव्हता. तो थेट माझ्या घरच्या, म्हणजे होम फोल्डरातला होता. तिथे एक नोड मॉड्यूल्स पडलेलं होतं.

तारीख पाहिली आणि सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वीच्या एका रात्री मी चुकीच्या फोल्डरात उभा राहून एनपीएमचा इन्स्टॉल मारला होता. पडद्यावर शेवटी ओळ आली होती की इतकी-इतकी पॅकेजेस वर्गणीच्या शोधात आहेत. गणपती जवळ आले होते, दिवसभर दारावर तेच चालू होतं, म्हणून मी सवयीनं “नंतर या” असं पुटपुटून झोपलो होतो. तेव्हापासून तो लोडॅश माळ्यावर बसून होता. नोड बिचारा पायरी पायरीनं वर जात होता, सगळीकडे नाही ऐकत होता, आणि शेवटी माळ्यावरच्या या विसरलेल्या काकांकडून अवजार आणून मला देत होता.  माझ्या मशीनवर चालणाऱ्या आणखी किती गोष्टी या काकांच्या जिवावर चालत होत्या ते बघायची मला हिंमत झाली नाही. काकांना काढलं तेव्हा आणखी सात पॅकेजेसमधून आरडाओरडा झाला. ती सगळी, आमच्या आठवड्याच्या अहवालाप्रमाणे, तोवर पूर्ण झालेली होती.

बंगळुरूला मी कळवलं, “तुमच्या बाजूनं पुन्हा एकदा करून बघा.”

याच दिवशी चहाच्या वेळी मी टीममधल्या नव्या मुलाला २०१६ ची कथा सांगितली. हा मुलगा कोल्हापूरचा आहे, गेल्या जुलैत लागला, हुशार आहे, पण इतिहास कच्चा आहे. म्हटलं, मार्च २०१६ मध्ये एका माणसानं नावाच्या भांडणावरून रागावून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. २७३ होती. त्यातलं एक लेफ्टपॅड, जेमतेम अकरा ओळींचं. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. पण जगातल्या भल्याभल्या प्रकल्पांचे कोण-कोण पाहुणे त्याच्यावर अवलंबून होते, आणि बघता बघता सगळ्यांची बांधकामं कोसळायला लागली. शेवटी एनपीएमनं ते पॅकेज स्वतःच परत आणून बसवलं. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ते काम करणारं फंक्शन भाषेतच आलं.

“लोक पण ना,” मी म्हणालो. “अकरा ओळी स्वतः लिहायला काय झालं होतं?”

मुलगा काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही. सीनियर माणसाची कथा संपल्यावर जरा शांतता पाळायची असते.

मंगळवारी कोड सर्व्हरवर गेला. सर्व्हर म्हणाला, ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल.’

बुधवारीही तेच म्हणाला. माझ्याकडे चालत होतं. बंगळुरूला चालत होतं. आता माळा रिकामा होता, यादीत सगळी नावं होती, डिस्ट बांधलेलं होतं, सगळे एकाच घराण्याचे होते. सर्व्हर काही ऐकेना. वैतागून मी रात्री सर्व्हरला त्या फोल्डरातल्या फायलींची यादीच छापायला लावली. यादीत फाइल होती. वरती, सापडत नाही असं लिहिलेलं. खाली, फाइल आहे. मी दोन्हींकडे आळीपाळीनं बघत बसलो होतो. रात्रीचे साडेदहा.

आई पाणी प्यायला उठली. आई बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, चौथीचा वर्ग.

“काय रे, झोपत का नाहीस?”

“फाइल सापडत नाहीये.”

“काय लिहिलंय?”

“तेच. सापडत नाही.”

“ते कळलं. पूर्ण वाच.”

“आई, ते इंग्रजीत आहे, पाथ आहे सगळा…”

“मोठ्यानं वाच.”

चौथीतल्या मुलासारखा मी मोठ्यानं वाचायला लागलो. आईनं चष्मा लावला, माझ्या खांद्यावरून पुढे वाकली आणि पडद्याला बोट लावलं. ज्या पडद्याला मी मुलांना हात लावू देत नाही त्या पडद्याला.

“इथे आर लहान आहे,” ती म्हणाली. मग बोट खाली सरकलं. “आणि इथे मोठा आहे.”

मी बघितलं. रुपयाचा आर. इंपोर्टमध्ये लहान, फाइलीच्या नावात मोठा.

माझ्या मॅकच्या डिस्कला मोठा आर आणि लहान आर एकच वाटतात. बंगळुरूचं मशीन विंडोजचं, त्यालाही तसंच वाटतं. सर्व्हर लिनक्सचा. त्याच्या लेखी ते दोन वेगळे गृहस्थ आहेत. शनिवारीच मी फाइलीच्या नावातला आर लहान केला होता, आठवतंय मला चांगलं. पण कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटला तो बदल बदल वाटलाच नव्हता; त्यानं माझ्या डिस्कचं मन राखलं आणि सर्व्हरला जुन्याच नावानं फाइल पाठवली. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नाही. ज्ञानेश्वरांपासून आजवर कुणाचंही काही अडलं नाही. पण सांगायचं कुणाला?

“बत्तीस वर्षं हेच तपासत होते,” आई म्हणाली. “प्रश्न नीट वाचत नाहीत आणि मग रडतात.” आणि पाणी पिऊन झोपायला गेली.

उपायही विचित्र आहे. डिस्कवर मोठ्या आरचा लहान आर नुसता करून गिटला कळत नाही. आधी फाइलीला भलतंच काहीतरी नाव द्यायचं, ते नोंदवायचं, मग पुन्हा लहान आरचं नाव देऊन ते नोंदवायचं. बाळाचं नाव बदलायचं तर मधला एक दिवस त्याला बंड्या म्हणायचं. मी खरोखर बंड्याच ठेवलं. गिटच्या इतिहासात ते आजही आहे, आणि त्यावर हैदराबादच्या एका ऑडिटरनं प्रश्नचिन्ह लावून ठेवलं आहे.

गुरुवारी सकाळी सर्व्हरवर हिरवी खूण आली. मॅनेजरनं सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, आणि पुढच्या महिन्यात या विषयावर एक सत्र घे म्हणाला. “वर्कस्पेसचा एवढा खोल अभ्यास आपल्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही.” मी मान खाली घातली. विनयानं घातली असं सगळ्यांना वाटलं.

बैठक संपल्यावर नवा मुलगा थांबला.

“सर, एक विचारू का? रागवणार नसला तर.”

“विचार की.”

“त्ये रुपयाचं फंक्शन हाय न्हवं, नऊ ओळींचं… ते कशाला लागतंय आपल्याला?”

“म्हणजे?”

“भाषेतच हाय की सर. टू लोकेल स्ट्रिंग म्हणायचं आणि कंसात ‘ईएन-आयएन’ लिहायचं. लाख-कोटीचे स्वल्पविराम आपोआप पडत्यात. मी सोमवारी चहाला सांगणार होतो, पण तुम्ही लेफ्टपॅडचं सांगत होता.”

मी त्याच्यासमोरच करून बघितलं. एक ओळ. १२,३४,५६७. नंतर एकट्यानं शोधलं तेव्हा कळलं की या सोयीचं प्रमाणपत्र २०१२ च्या डिसेंबरातलं आहे. म्हणजे मी ते फंक्शन लिहायला बसलो, त्याच्या कितीतरी आधी ते लिहायची गरज संपलेली होती.

“चांगलं आहे,” मी म्हणालो. “पण आपल्याला आपल्या पद्धतीनं नियंत्रण हवं असतं.”

“व्हय सर,” तो म्हणाला. कोल्हापूरची माणसं मनानं मोठी असतात.

दुपारी लातूरचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. म्हटलं, मुलानंही ऐकावं. पलीकडून आवाज आला, “साहेब, झ्याक झालं. स्वल्पविराम जागच्या जागी बसलेत. मुनीम पण खूश हायेत.” मॅनेजरही कॉलवर होता. तोही खूश झाला.

“फक्त एक बारीक काम होतं,” ते म्हणाले. “आकडे इंग्रजीत येतेत. आमच्या गिऱ्हाइकाला मराठी आकडे दिसले तर बरं वाटतं. होईल का?”

मुलानं माझ्यासमोर वही सरकवली. तिच्यावर त्यानं पेन्सिलीनं ‘ईएन-आयएन’ लिहिलं होतं, त्यातलं ‘ईएन’ खोडलं होतं आणि वर ‘एमआर’ केलं होतं.

“किती वेळ लागेल?” मॅनेजरनं विचारलं.

मी वही मिटली.

“बघावं लागेल,” मी म्हणालो. “मॉड्यूलमध्ये हात घालावा लागणार. आठवडाभर तरी धरा.”